गिअरचा दांडा आणि रबराचे चार तुकडे

मॅन्युअल गाडी हौसेने ठेवणारा माणूस भेटला की एक प्रश्न विचारून बघा. 'गाडीत पहिलं काय बदलणार?' उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शॉर्ट शिफ्टर! म्हणजे गिअरचा असा दांडा, की जो कमी हलवावा लागतो आणि खाटकन पडतो. त्याच्या जोडीला गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग काढून कडक पॉलियुरेथेनचं बसवायचं. एका वीकेंडला दोन्ही कामं उरकायची, सोमवारी ऑफिसात चार जणांना गिअर टाकून दाखवायचा, झालं.

माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. जुन्या गाडीचा गिअर ढिला लागतो तो दांड्यामुळे नाही, मेलेल्या रबरामुळे. कंपनीचंच नवं रबर घातलं तर बहुतेकांना जे हवंय ते मिळतं, आणि ते मिळाल्यावर शॉर्ट शिफ्टरची गरज उरतेच असं नाही. पण हे कुणी करून बघत नाही, कारण जसं होतं तसंच परत बसवण्यात 'अपग्रेड' केल्याचं समाधान नाही ना!

बोलायला एक गाडी धरू. बीएमडब्ल्यूची ३ सीरीज, ई४६ पिढीची. ही १९९७ ते २००६ पर्यंत बनली. अमेरिकेत या गाड्या सेकंडहँड बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, मॅन्युअल गिअरच्याही मिळतात, आणि घरच्या गॅरेजमध्ये जॅकस्टँडवर चढवून त्यांच्याशी खेळणारे खूप. म्हणून हे सगळे प्रयोग तिच्यावर होतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता वीस वर्षांच्या आसपास आहे. आणि रबराला वय असतं, गाडी किती चालली याच्याशी त्याचा संबंध अर्धाच.

आता जरा खाली डोकावू. गाडीत दोन वेगळी जगं आहेत. एक म्हणजे बॉडी, जिला सीट बोल्ट केलेली आहे आणि सीटवर तुम्ही बसलाय. दुसरं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा एकत्र जोडलेला ठोकळा. हा ठोकळा बॉडीला घट्ट बसवलेला नसतो, रबरावर तरंगत असतो. ई४६ मध्ये पुढे इंजिनला दोन बाजूंना दोन मोठी माउंटिंग, आत द्रव भरलेली. मागे गिअरबॉक्सखाली एक आडवा पट्टा आणि त्यावर दोन छोटी रबरं, डबीएवढी. (आपल्याकडे गॅरेजात याला 'फाउंडेशन रबर' असंही म्हणतात, मला तो शब्द जास्त आवडतो.) थोडक्यात, तुमचा हात एका जगात आणि गिअरच्या खाचा दुसऱ्या जगात. मधलं रबर बसलं की खाचा आपली जागा सोडून फिरायला लागतात. हात बिचारा सवयीच्या जागी जातो आणि तिथे काहीच नसतं.

किती जोर येत असेल या रबरांवर? ई४६ ३२५आयचं इंजिन २४५ न्यूटनमीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरचं गुणोत्तर सव्वाचारच्या जवळपास. म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडे हजार न्यूटनमीटरच्या घरात टॉर्क जातो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच पीळ उलट दिशेने त्या ठोकळ्याला बसतो. तो पीळ झेलतात ही रबरं. आपल्याकडच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत तर कहर आहे, कारण तिथे शेवटचा डिफरन्शिअलचा गुणाकारही त्याच डब्यात होतो. इंजिनाच्या टॉर्कच्या दहा-पंधरापट पीळ माउंटिंगवर येतो. म्हणून त्या गाड्यांत खाली एक वेगळा टॉर्क रॉड असतो, दोन टोकांना रबर असलेला. तो गेला की सिग्नलला क्लच सोडताना गाडी कशी धाडकन मान टाकते ते अनेकांनी अनुभवलं असेल, आणि 'क्लच प्लेट गेली वाटतं' म्हणून गॅरेजात पैसेही घातले असतील.

बरं, फक्त माउंटिंग नाही. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्येही सांधे आहेत. ई४६ मध्ये दांडा एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसतो. त्या पट्टीचं पुढचं टोक गिअरबॉक्सला आणि मागचं टोक एका रबरी बुशातून बॉडीला. म्हणजे ती एक पाय इकडे, एक पाय तिकडे! शिवाय दांड्याच्या खालच्या टोकापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा सिलेक्टर रॉड, त्याच्या टोकांना पिवळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या आणि क्लिपा, आणि पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एक सांधा. प्रत्येक ठिकाणी केसभर ढिलाई, आणि ती बेरजेत वाढत जाते. मुंबईत ज्यांनी पद्मिनी टॅक्सी पुढच्या सीटवर बसून बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा, तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळयांची वरात. ड्रायव्हर दांडा नुसता हलवत नसे, शोधत असे. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांचा गिअर नेमका कुठे पडतो हे ठाऊक असलेला एकमेव माणूस म्हणजे त्या टॅक्सीचा ड्रायव्हर.

आता शॉर्ट शिफ्टर करतो काय? दांडा म्हणजे साधी तरफ. समजा टेकूच्या वर २५ सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटर. खालचं टोक एक मिलिमीटर हललं तर वरची मूठ पाच हलते. शॉर्ट शिफ्टरमध्ये खालचा भाग वाढवतात, समजा ७ केला. आता मूठ साडेतीनच मिलिमीटर हलते. गंमत इथेच आहे. खालच्या सांध्यात एक मिलिमीटर ढिलाई असेल तर आधी मुठीत ती पाच जाणवायची, आता साडेतीन. माणूस म्हणतो, 'वा, काय टाइट झालाय!' अहो, टाइट काही झालं नाही. दांड्याचा एकूण प्रवासही त्याच आकड्याने भागला गेला आणि ढिलाईही. सिग्नल आणि नॉइज दोन्ही एकाच संख्येने भागले तर गुणोत्तर तेच राहणार, हे आपल्या लोकांना तरी कळायला हवं. आणि जोर? तो चाळीस टक्के वाढला, कारण तरफेत फुकट काही मिळत नाही. एसटीच्या जुन्या गाड्यांचा तो लांबलचक थरथरणारा दांडा आठवा. तो उगाच लांब नव्हता. जड गिअरबॉक्स दिवसभर हाकायचा तर लांब दांडाच हवा.

आणि आत सिंक्रो नावाची एक कडी आहे, जी दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या गोष्टी घासून घासून एका वेगाला आणते. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. दांड्याचा प्रवास कमी केला म्हणून तिचं काम कमी होत नाही, फक्त तेच काम तुम्ही तिला कमी वेळात, जास्त दाबून करायला लावता. गाडी थंड असताना सेकंडला खर्रर्र असा आवाज आला तर समजून जा कोण ओरडतंय ते.

असो. माझा खरा आक्षेप पॉलियुरेथेनवाल्यांच्या तुलनेवर आहे. वीस वर्षांचं, तेल पिऊन फुगलेलं, चेपलेलं रबर काढलं, नवंकोरं पॉलियुरेथेन घातलं, आणि फरक जमीनअस्मानाचा पडला. पडणारच की! पण यातला किती फरक 'पॉलियुरेथेन' या शब्दाचा आणि किती 'नवंकोरं' या शब्दाचा? मध्ये कंपनीचं नवं रबर घालून महिनाभर चालवलंय असा माणूस शोधून दाखवा. आपण ऑफिसात दोन बदल एकाच कमिटमध्ये टाकून 'परफॉर्मन्स सुधारला' म्हटलं तर रिव्ह्यूमध्ये फाडून खातील. पण तीच माणसं गॅरेजात शिफ्टर, माउंटिंग, बुश, गिअर ऑइल सगळं एका शनिवारी बदलतात आणि रविवारी श्रेय देतात ज्याची किंमत सगळ्यात जास्त होती त्याला.

कडक माउंटिंगचा दुसरा घोळ म्हणजे सल्ला एका गाडीचा आणि तो पाळतो दुसऱ्या गाडीवाला. ई४६ च्या सहा सिलिंडरवाल्या मॉडेलांत इंजिन एका रांगेतलं आहे. ही रचना मुळातच संतुलित असते, पिस्टनांचे हादरे एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेद देतात. त्यामुळे तिथे माउंटिंग थोडं कडक केलं तरी केबिनमध्ये फारसं काही येत नाही, मालक खूष. आता चार सिलिंडर घ्या. तिथे क्रँकच्या दुप्पट वेगाचा हादरा शिल्लक राहतो. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला २७ च्या आसपास झटके. नवं रबर ते बरंचसं गिळतं, कडक पॉलियुरेथेन सरळ तुमच्या पार्श्वभागापर्यंत पोचवतं. आणि तीन सिलिंडर, म्हणजे आपल्याकडे आज रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी लहान गाड्या? त्यांचं इंजिन तर स्वभावतःच पुढेमागे डोलणारं. कंपनीने माउंटिंगवर डोकं खर्च केलेलं असतं म्हणून ती गाडी बसण्यालायक आहे. तिथे जाऊन मऊ रबराला 'कंपनीने पैसे वाचवले' म्हणणाऱ्याला काय म्हणावं! तो मऊपणा ही चूक नाही, तो कुणीतरी विचार करून निवडलेला आकडा आहे.

शिवाय पुढची इंजिन माउंटिंग मऊच ठेवली आणि मागचं एकटं कडक केलं, तर ठोकळा पुढे हलणार आणि मागे जखडलेला राहणार. मग सगळा पीळ गिअरबॉक्सच्या मागच्या कानांवर. ते कान ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे आहेत, रबराचे नव्हेत.

हे सगळं नुसत्या 'फील'साठी चाललंय असं वाटत असेल तर तसं नाही. या विषयात एक महागडा शब्द आहे, मनी शिफ्ट. तिसऱ्यातून चौथा टाकायचा असतो. वळणावर गाडी जोरात आहे, ठोकळा रबरावर एका बाजूला कललाय, खाचा सरकल्यात, हात सरळ खाली येतो आणि दांडा पडतो सेकंडमध्ये. तिसऱ्यात इंजिन ६५०० वर असेल, जी त्या गाडीची लाल रेघ आहे, तर दुसऱ्या-तिसऱ्यात साधारण दीडपट फरक. क्लच सुटताक्षणी इंजिन साडेनऊ हजारांच्या पुढे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या वेगाने व्हॉल्व्ह मिटवू शकत नाहीत, पिस्टन वर येऊन त्यांना भेटतो, आणि इंजिनाचा भंगार होतो. रेव्ह लिमिटर काय करतो विचाराल, तर काहीच नाही. तो पेट्रोल तोडतो. पण इथे इंजिनाला पेट्रोल फिरवत नाहीये, चाकं फिरवतायत. ज्या दाराने कुणी येत नाही तिथे वॉचमन बसवलाय, दुसरं काय. ई४६ आणि तिच्या आधीच्या ई३६ च्या मालकांत हा प्रकार चांगलाच कुप्रसिद्ध आहे, आणि ट्रॅकवर जाणारे लोक माउंटिंग वेळेवर बदलतात ते याच भीतीने. ट्रॅकवाल्यांनी कडक माउंटिंग घालावीच, त्यांचं गणित वेगळं आहे. ऑफिसला जाणाऱ्याने त्यांची यादी उतरवून घेऊ नये एवढंच.

मग करावं काय? आधी तपासा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, दांडा दोन बोटांनी हलवा. काहीही विरोध न होता हलतोय तेवढी सांध्यांची ढिलाई. मग मोकळ्या रस्त्यावर सेकंडमध्ये ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा आणि दांड्याकडे बघा. तो जर आपण होऊन मान डोलवत असेल तर माउंटिंग. (केबलवाल्या फ्रंट व्हील गाड्यांत ही दुसरी परीक्षा तितकी चालत नाही. दोन केबली ठोकळ्याचं बरंचसं नाचणं दांड्यापर्यंत पोचूच देत नाहीत, केबल वापरण्यामागचं एक कारण तेच आहे.)

मग एका बैठकीत सगळं रबर आणि प्लॅस्टिक बदला: दोन्ही गिअरबॉक्स माउंटिंग, पट्टीचा मागचा बुश, पुढची पिन आणि तिचे बुश, सिलेक्टर रॉडच्या चकत्या-क्लिपा. चकत्या अगदी किरकोळ किमतीच्या, पण फरक पाडतात. एक्झॉस्ट आणि हीट शील्ड उतरवलेच आहेत, तर प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेली रबरी चकतीही बघून घ्या, तिला भेगा असतील तर तीही. माझ्याच 'एका वेळी एक' नियमाला हा अपवाद, कारण ते सगळं दोनदा उतरवायचा उत्साह कुणात असतो? पण दांडा मात्र जुनाच ठेवा. दोन महिने चालवा. त्यानंतरही प्रवास लांब वाटला तर झेड३ च्या १.९ लिटर मॉडेलचा दांडा बसवतात, तो कंपनीचाच आहे आणि फार आखूडही नाही.

गिअरबॉक्सला खालून जॅक देताना मध्ये लाकडाची फळी घाला, आणि आडवा पट्टा काढल्यावर गिअरबॉक्स फार खाली सोडू नका. मागे तो खाली गेला की पुढे इंजिन कलतं, आणि मागे फायरवॉलपाशी व पुढे पंख्यापाशी जागा फार नसते. नवी रबरं बसवताना नट आधी हातानेच फिरवा. जॅक काढा, ठोकळ्याला आपल्या वजनाने बसू द्या, दोन्ही बाजूंनी थोडा हलवून घ्या, आणि मग पान्याने आवळा. आधीच आवळून टाकलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत बसतं.