पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील 'हेरिटेज' या लिलावगृहात बास्केटबॉलचे एक कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरना, म्हणजेच सुमारे ११३ कोटी रुपयांना विकले गेले. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या स्वाक्षऱ्या आणि त्यांच्या जर्सीवरील बोधचिन्हे त्यावर आहेत. बेसबॉलपटू मिकी मँटल याच्या कार्डाने २०२२ मध्ये केलेला विक्रम त्यामुळे मोडला. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी एवढी रक्कम मोजणारे बाजार कशावर चालतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

नायगावसारख्या तालुक्याच्या गावाला या छंदाचे मूळ अपरिचित नाही. मराठवाड्यातील मागच्या पिढ्यांनी काड्यापेटीचे छाप गोळा केले. दुर्मिळ छापाच्या बदल्यात पाच साधे छाप द्यावे लागत, हा हिशेब मुलांना कोणी शिकवावा लागला नाही. पुढे नव्वदच्या दशकात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आली. मात्र त्या छापांवर साल नव्हते, क्रमांक नव्हता, संपूर्ण संचाची यादी नव्हती. त्यामुळे त्यांची हौस झाली, बाजार झाला नाही. अमेरिकेत बोमन कंपनीने १९४८ मध्ये बास्केटबॉलची कार्डे काढली तेव्हापासून हा जमाखर्च राहिला, आणि खेळाडूचे पहिले कार्ड, म्हणजे 'रूकी' कार्ड, कोणते हे ठरवणे शक्य झाले.

जॉर्डनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तो १९८४ मध्ये एनबीएत आला, तेव्हा बास्केटबॉलच्या कार्डांना गिऱ्हाईकच नव्हते. टॉप्स कंपनीने ती काढणे काही वर्षांपूर्वीच थांबवले होते. फ्लीअर कंपनीने १९८६ मध्ये १३२ कार्डांचा संच आणला. त्यातील ५७ व्या क्रमांकाचे कार्ड जॉर्डनचे. च्युइंग गमसोबत मिळणारी ही पाकिटे तेव्हा दुकानांत पडून राहिली. आज 'पीएसए' ही संस्था कार्डाचे कोपरे, कडा आणि छपाई तपासून १ ते १० गुण देते. जॉर्डनच्या या कार्डाच्या हजारो प्रतींपैकी पूर्ण १० गुण मिळालेल्या प्रती तीनशेहून थोड्याच अधिक आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अशा दोन प्रती प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरना गेल्या. टाळेबंदीत घरी बसलेल्यांचा पैसा तेव्हा या बाजारात उतरला होता. काही महिन्यांतच हा भाव निम्म्याहूनही बराच खाली आला. कार्ड तेच होते, गुणही तेच होते. उशिरा आलेल्यांनी नुकसान सोसले, एवढाच काय तो फरक.

जुन्या कार्डांची टंचाई अपघाताने झाली होती. कोणी ती सायकलच्या चाकात अडकवली, कोणाच्या आईने रद्दीत घातली. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी मागणी पाहून इतकी कार्डे छापली की त्यांतील बहुतेकांना आज फारशी किंमत नाही. त्यानंतर टंचाई कारखान्यातच तयार होऊ लागली. दहाच प्रती, एकच प्रत, असे आकडे कार्डावरच छापले जाऊ लागले. ११३ कोटींचे कार्ड २००७-०८ च्या संचातील आहे. त्याला पीएसएने दहापैकी सहाच गुण दिले आहेत, तरी ते जगात एकच असल्याने गुणांची उणीव झाकली गेली. २००९ पासून एनबीएचा परवाना पनिनीकडे होता. २०२५-२६ च्या हंगामापासून तो टॉप्सकडे आला असून टॉप्स आता 'फॅनॅटिक्स' या कंपनीच्या मालकीची आहे. छापणारा एकच, किती छापायचे हे ठरवणाराही तोच, ही गोष्ट ग्राहकाच्या हिताची म्हणता येणार नाही.

भारतात या खेळाचे प्रेक्षक वाढत आहेत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो संघ वरळीत दोन सामने खेळला. पहिल्या सामन्याला सुमारे तीन हजार शाळकरी मुलांना बोलावण्यात आले होते. पंजाबच्या सतनाम सिंगची २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवड केली, पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. भारतीय संग्राहकाला आपला म्हणता येईल असा रूकी अद्याप नाही. त्यामुळे पैसा परक्या नावांवरच लागतो.

तो लागण्यासाठी आता दुकानाचीही गरज उरलेली नाही. 'ब्रेक' नावाच्या प्रकारात विक्रेता मोबाइलवरील थेट प्रक्षेपणात सीलबंद पेटी फोडतो. ग्राहकाने आधीच एखाद्या संघाचा हिस्सा विकत घेतलेला असतो, आणि त्या संघाचे जे निघेल ते त्याचे. काही निघाले नाही तर पैसे गेले. गावच्या जत्रेतील चक्री याहून फार वेगळी नसते. ज्या आठवड्यात तो विक्रमी लिलाव झाला, त्याच आठवड्यात भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्या कायद्याचा रोख खेळांवर आहे. खेळाडूचे चित्र विकण्याच्या नावाखाली चालणाऱ्या या सोडतीचा विचार करून तो लिहिलेला नाही. अल्पवयीन मुलांच्या हाती पालकांचेच यूपीआय खाते असते. त्यांना कार्ड विकताना वयाची खातरजमा कोणी करायची, हा प्रश्न सरकारपुढे यायला हवा.