रागाला घड्याळ कशाला?

“राग आवरत नाही त्याला कायद्याने सवलत का द्यावी?” हा सवाल रोकडा वाटतो, पण तो चुकीच्या दारात उभा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मधला पहिला अपवाद आरोपीला सोडून देत नाही. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने ताबा सुटून, त्याच भरात प्रक्षोभ देणाऱ्याचा जीव घेतला, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा होतो. मारण्याचा हेतू असेल तर पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहेच. सुपारी घेणारा आणि भडकलेला यांना एका पंक्तीला बसवणे हा निव्वळ आळस आहे.

दुसरा आक्षेप, ही संशयी नवऱ्यांची पळवाट आहे. पुरावा म्हणून नानावटी खटला पुढे केला जातो, आणि तो नेमका उलट बोलतो. 27 एप्रिल 1959 रोजी प्रेम आहुजांशी संबंध असल्याची पत्नीची कबुली ऐकल्यावर नौदलाच्या कमांडर नानावटींनी तिला व मुलांना मेट्रो सिनेमावर सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आहुजांच्या ऑफिसात चौकशी केली, मग त्यांचे घर गाठून त्यांना गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले; ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने तापवलेल्या मुंबईत नवल नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1961 मध्ये उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम केली. कबुली आणि हत्या यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते, हे त्याचे एक कारण. माझ्या मते त्या तासांत नानावटींनी काय काय केले, तेवढ्यावरच निकाल लागतो. घड्याळाची गरजच नाही.

हेच घड्याळ मार खाणाऱ्या बाईच्या मुळावर येते. इंग्लंडमध्ये 1989 मध्ये किरणजित अहलुवालियांनी वर्षानुवर्षे मारणाऱ्या नवऱ्याला तो झोपेत असताना पेटवले. तो जागा असताना त्यांनी काय करायचे होते? ज्याचा हात जड, त्याचाच राग तत्क्षणी बाहेर पडू शकतो. 1992 च्या अपिलात न्यायालयाने ‘अचानक’ची अट सोडली नाही, सुटकेची वाट निघाली ती त्यांच्या मानसिक अवस्थेच्या वेगळ्या मुद्द्यावरून. पेट्रोल ओतणे ही तयारीच नव्हे का? असेलही. ते पुराव्यावरून ठरावे, मिनिटांवरून नव्हे.

इंग्लंडने 2009 च्या कायद्यात ‘अचानक’ची ही अट काढली, पण विचारपूर्वक घेतलेल्या सुडाला बचाव नाकारला. जोडीदाराचे परपुरुषाशी वा परस्त्रीशी संबंध हे एवढेच कारणही पुरेसे ठरत नाही.

आपली न्यायालये पूर्वपीठिका पाहतातच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, नानावटी निकालातच तशी मुभा आहे. पण शेवटची ठिणगी दाखवावीच लागते, आणि बाकी न्यायाधीशाच्या समजुतीवर. 2024 मध्ये नवी संहिता लागू करताना 1860 च्या दंड संहितेतली ही अट तशीच उचलली गेली. कलम 101 मधून ‘आकस्मिक’ काढा. सुडाला बचाव नाही, हे त्याच अपवादात स्पष्ट लिहा.