व्हॅम्पायरच्या खानदानातली भांडणं

व्हॅम्पायर म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सुळे, वटवाघूळ आणि रामसे बंधूंचा एखादा पिक्चर. पण टेबलाभोवती चार-पाच जण जमून, दहा बाजूंचे फासे टाकत रात्र-रात्र व्हॅम्पायर 'जगणारी' एक अख्खी जमात आहे, मंडळी. त्यांच्या खेळाचं नाव 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड'. १९९१ साली अमेरिकेतल्या व्हाइट वुल्फ कंपनीने तो काढला. डिझायनर होता मार्क राइन-हेगन.

इथे पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण स्टोरीटेलर, बाकीचे व्हॅम्पायर. बायबलमधला, भावाचा खून करणारा केन हा मूळपुरुष. त्याच्यापासून तेरा क्लॅन, म्हणजे घराणी. प्रत्येकाचा शाप वेगळा, वैर वेगळं. स्थळं बघताना आपल्याकडच्या आत्याबाई काढतात ना, तस्सा कुळाचा पाढा! आणि माणसांना आपला पत्ता लागू द्यायचा नाही हा पहिला कायदा. तोच मॅस्करेड.

भांडणं होतात, कारण या कुळाच्या पाढ्यात कंपनी अधूनमधून हात घालते. २००४ मध्ये तर 'गेहेना' नावाच्या पुस्तकात चक्क जगबुडी आणून सगळं संपवलं आणि त्याच वर्षी 'रेक्विएम' हा नवा खेळ आणला. घराणी पाचच, केन गायब. जुनी मंडळी भडकली. शेवटी २०११ मध्ये विसाव्या वाढदिवसाच्या आवृत्तीतून जुनं जग परत आलं.

मग २०१८ ची पाचवी आवृत्ती. जगभरच्या गुप्तहेर संस्था व्हॅम्पायरच्या मागे लागल्यात, त्यामुळे कॅमरिला या जुन्या सत्तेने फोन-इंटरनेटवर बंदी घातलीय. ब्रूहा घराणं कॅमरिला सोडून गेलंय. बुजुर्ग व्हॅम्पायर कुठल्याशा हाकेने मध्यपूर्वेकडे ओढले जाताहेत. आणि ट्रेमेर या जादूगार घराण्याचं व्हिएन्नातलं मुख्यालय? उडालं! दहा-दहा वर्षं ट्रेमेर म्हणून खेळलेल्या माणसाला हे पुस्तक उघडल्यावर कळतं. मालिकेत लीप आल्यावर आजी टीव्हीवर चिडतात, तसंच हे. तुम्ही म्हणाल, पटत नाही तर आपल्या टेबलावर जुनंच खेळा की. तशी मुभाही आहे, नियम बदलायचा हक्क खेळानेच स्टोरीटेलरला दिलाय. पण पुढची सगळी पुस्तकं नव्या कथेवर येणार, दुखणं ते आहे. मला विचाराल तर फोनबंदी मस्तच. खिशाखिशात कॅमेरा असताना लपायचं कसं, हा प्रश्न १९९१ मध्ये नव्हताच.

रॅवनॉस घराण्याचं प्रकरण मात्र एवढं सोपं नाही. युरोपातल्या रोमा लोकांबद्दलचे सगळे घाणेरडे समज, चोर, लबाड, भटके, यांना पहिल्या पुस्तकांनी उचलून एका घराण्याचा स्वभाव करून टाकलं. मग १९९९ मध्ये त्यांचा आदिपुरुष आपल्या भारतीय उपखंडात जागा झाला आणि आठवडाभराच्या उत्पातात जवळजवळ अख्खं घराणंच संपलं. म्हणजे चूक सुधारायची कशी, तर माणसंच मारून टाकायची! २०२० मध्ये रॅवनॉस परत आले ते नव्या शापासकट. एकाच जागी आठवड्यात दोनदा झोपलं, तर अंगाला आग लागते. भटकेपण तेच, पण आता तो स्वभावातला खोट नाही, नशिबाचा भोग आहे. ही दुरुस्ती मला खरी वाटते.

आणि चेचन्या? २०१७ मध्ये तिथे समलिंगी पुरुषांना पकडून छळ केल्याच्या, ठार मारल्याच्या बातम्या आल्या. पुढच्याच वर्षी कॅमरिलावरच्या पुस्तकात छापून आलं, की चेचन्या व्हॅम्पायरच चालवतात आणि हा छळ म्हणजे लोकांचं लक्ष भलतीकडे वळवायची त्यांची युक्ती. 'खेळच काळोखाचा आहे, त्यात काय एवढं?' असं म्हणणारे होतेच. अहो, पण केनने कुणाला चावावं हे तुम्ही ठरवा, ज्याचा भाऊ खराखुरा कोठडीत आहे त्याला 'हे पिशाच्चांचं काम' कसं सांगणार?

नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हाइट वुल्फने माफी मागितली. २०१५ पासून तिची मालक असलेल्या पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने तिचा स्वतंत्र कारभारच बंद केला. पुस्तक नंतर पुन्हा विक्रीला आलं, ती पानं काढून.