टपरीलाही परवाना हवा

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाभोवती सकाळपासून बाजार भरतो. अशा कोणत्याही बाजारातली पानटपरी पाहावी. खाली चॉकलेट-बिस्किटांच्या बरण्या, वर पुड्यांच्या माळा. बिस्किटाला आलेल्या मुलाची नजर आधी माळेवरच जाते.

महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. व्यापाऱ्यांनी लगेच वाट काढली: पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. तरीही प्रयत्न वाया गेले असं म्हणता येणार नाही. राज्यातल्या प्रौढांमधलं तंबाखूसेवन 2009-10 मध्ये 31.4 टक्के होतं, 2016-17 मध्ये ते 26.6 टक्क्यांवर आलं. पण त्यातही धूम्रपान जेमतेम 3.8 टक्के, तोंडात धरायची, चघळायची तंबाखू 24.4 टक्के. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण ज्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात, तेही याच शहरात आहे.

दारूच्या दुकानाला परवाना लागतो. म्हणूनच वॉर्डातल्या बाया एकत्र येऊन मतदानाने बाटली आडवी करू शकतात. ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्यांनी या शहरातली कितीतरी पोरं नासवली. तिथेही चिठ्ठीविना गोळ्या देणाऱ्या औषध दुकानाचा परवाना रद्द करता येतो. तंबाखू विकणाऱ्याकडून मात्र काढून घेण्यासारखं काहीच नाही, कारण 2003 च्या केंद्रीय कायद्यात विक्रीच्या परवान्याची अटच नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकली, तर या कायद्याखाली दंड जास्तीत जास्त 200 रुपये. एवढ्याने कोण घाबरेल?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्येच राज्यांना सुचवलं होतं, की तंबाखूविक्रीला स्थानिक संस्थेचा परवाना सक्तीचा करा आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किटं, शीतपेयं ठेवू देऊ नका. लखनौ महापालिकेने हा मार्ग धरला. छत्रपती संभाजीनगर महापालिकेनेही तो धरावा, आणि सुरुवात शहागंजपासून करावी.

टपरीवाल्याचं पोट या धंद्यावर आहे, हे खरंच. म्हणून त्याला मुदत द्या; चहा-नाश्त्याकडे वळणाऱ्याला जागेचा परवाना आधी द्या. तंबाखू विकत राहील त्याच्या दर्शनी पाटीवर व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक 1800-11-2356 ठळक अक्षरात लिहायला लावा. आणि अल्पवयीन मुलाला पुडी दिल्याचं दुसऱ्यांदा सापडलं, तर त्याचा तंबाखूविक्रीचा परवाना त्याच दिवशी रद्द करा.