नियामक कोणाच्या हाती?

जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर नियामक बसविला. वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात, वाफेची झडप आवळली जाई आणि इंजिन ठरल्या वेगाकडे परत येई. हा वेग किती असावा, हे मात्र नियामक ठरवीत नव्हता. ते गिरणीमालक ठरवीत होता. नियंत्रण अभियांत्रिकीचा सारा विस्तार या साध्या विभागणीवर उभा आहे. साध्य बाहेरून दिले जाते, नियंत्रक ते निमूटपणे गाठतो.

आता हे शास्त्र सजीव पेशीत शिरले आहे. २००० साली अमेरिकेत ई. कोलाय जीवाणूमध्ये जनुकांची कळ आणि जनुकांचा आंदोलक बांधण्यात आला. २०१९ मध्ये झुरिचच्या ईटीएच संस्थेत मुस्तफा खम्माश यांच्या गटाने त्याच जीवाणूत समाकल नियंत्रक उतरविला. पेशीतील प्रथिनाची पातळी ढळली की चुकीची बेरीज होत जाते आणि ती चूक नाहीशी होईपर्यंत दुरुस्ती चालू राहते. पातळी कोणती, हे जीवाणू ठरवीत नाही, प्रयोगकर्ता ठरवितो.

विज्ञानाचे हे यश मोठे आहे. परंतु त्याचा आधार घेऊन एक सोयीस्कर सिद्धांत मांडला जातो. जीवशास्त्र आता अभियांत्रिकी झाले आहे, तेव्हा ते तज्ज्ञांवर सोपवावे आणि जनतेने फळांची वाट पाहावी, असा तो सिद्धांत. नियंत्रणशास्त्रच तो खोडून काढते. साध्य ठरविणे हे नियंत्रकाचे काम नसेल, तर ते कोणाचे, हा प्रश्न राजकारणाचाच राहतो.

हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. चीनने १९६७ मध्ये सुरू केलेल्या सरकारी संशोधन मोहिमेतून ते एका वनस्पतीच्या पानांत सापडले. पुढे चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील लहान शेतकरी ते पीक घेऊ लागले. मागणी वाढताच २००५ च्या सुमारास भाव किलोला हजार डॉलरांच्या वर गेला. शेतकरी लागवडीकडे धावले आणि २००७ पर्यंत भाव दोनशेच्या आसपास कोसळला. लागवडीपासून औषधापर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. दुरुस्ती उशिरा पोहोचली की यंत्रणा झोके खाऊ लागते, हा नियंत्रणशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. त्यावर उपायही ठाऊक होता: राखीव साठा आणि हमीभावाने खरेदी.

जगाने आपली बुद्धी प्रामुख्याने यीस्टवर खर्च केली. गेट्स फाउंडेशनच्या पैशातून बर्कलीचे जे कीसलिंग आणि अमायरिस कंपनी यांनी यीस्टमध्ये नवी जनुके घातली. पेशीचा कच्चा माल तिच्या स्वतःच्या स्टेरॉलकडे किती जावा, यावर तांब्याच्या क्षाराची कळ बसविली. २०१३ पर्यंत लिटरमागे २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळू लागले. सानोफी कंपनीने इटलीत उत्पादन सुरू केले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाव होता ३५० ते ४०० डॉलर. तोवर शेतातल्या मालाचा भाव अडीचशेच्याही खाली उतरला होता. २०१५ मध्ये सानोफीने एक किलोही उत्पादन केले नाही. पेशी काबूत आली, बाजार मोकाटच राहिला. कारखाना थांबला आणि शेतकऱ्याच्या पदरी पडेल भाव आला.

हा योगायोग मानणे भाबडेपणाचे होईल. पेशीवर नियंत्रण म्हटले की भांडवल टाळ्या वाजविते. बाजारावर नियंत्रण म्हटले की तेच भांडवल स्वातंत्र्य धोक्यात आल्याची हाकाटी करते. नियंत्रणाचे तत्त्व एकच आहे. ते कोठे लावायचे आणि कोठे नाही, हे मात्र सत्ता ठरविते.

भारतात हा प्रश्न दाराशी आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनासाठी 'बायो-ई-३' धोरण मंजूर केले. पेटंट कायद्याने वनस्पती आणि प्राणी वगळले आहेत, सूक्ष्मजीव नाहीत. किण्वनाच्या टाकीला साखर लागते. म्हणजे ऊस पिकविणारा आणि तोडणारा हे दोघेही या उद्योगाच्या साखळीत येतात. धोरण आखताना त्यांचे स्थान कोठे, हे कोणी विचारीत नाही.

काही डावे मित्र या तंत्रालाच सरसकट विरोध करतात. त्यांनी औषधावाचून मरणाऱ्या मुलांचाही विचार करावा. चळवळीची मागणी वेगळी आणि नेमकी असली पाहिजे. सार्वजनिक पैशातून घडलेला जीवाणू सार्वजनिक मालकीचा राहावा. ज्या पिकाची जागा तो घेणार, त्या शेतकऱ्यांना आधी हमी मिळावी. काय बनवायचे, कोणासाठी आणि कोणत्या भावाने, याचा निर्णय खुल्या चर्चेने व्हावा.

वॉटच्या काळी गिरणीचा वेग कामगाराला विचारून ठरला नाही. तो हक्क मिळविण्यासाठी त्याला शतकभर झुंजावे लागले. पेशीच्या गिरणीचा वेग ठरत असताना तेवढा काळ गप्प राहणे परवडणारे नाही.