दोनदा दाबलं की होतंय बरोबर

"मामा, पहिल्यांदा जरा खोल जातंय. दोनदा दाबलं की होतंय की बरोबर."

चवथीच्या आधीचा शनिवार. भाचा गाडी घेऊन आमच्या शहापूरच्या घरी आला होता. मंगळवारी पहाटे ताई, भाऊजी, भाच्याची आजी आणि डिकीभर सामान असं सगळं चोर्ल्यातून साखळीला, भाऊजींच्या मूळ घरी निघणार होतं. जांबोटी-कणकुंबीपर्यंत काही नाही. पण पुढं केरीपर्यंतचा उतार, त्यात धुकं आणि पाऊस. तिथं वळणावर दोनदा दाबायला वेळ कोण देतो?

या सदरात टायर झाले, बॅटरी झाली. ब्रेकवर लिहायचं मी टाळत होतो. ब्रेकचं काम वाचून करू नये, जाणत्याच्या शेजारी बसून शिकावं. पण पेडल मऊ का लागतंय हे ओळखणं मात्र गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला यायला हवं.

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडं ढकलतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की हिशेब बिघडतो. हवा दाबली जाते, पायाचा अर्धा जोर तिलाच दाबण्यात जातो आणि पायाखाली ओला स्पंज असल्यासारखं वाटतं. भराभर दोनतीनदा दाबलं की पेडल वर येतं आणि आपली समजूत पटते. (मागच्या ड्रमचे लायनर ढिले असले तरी असंच होतं, पण तेव्हा पेडल स्पंजासारखं लागत नाही, नुसतंच खोल जाऊन मग घट्ट होतं.)

आधी आम्ही बॉनेट उघडून डबी बघितली. ऑइल वरच्या रेघेला. मला बरं वाटलं. मग इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल दाबलं, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, आणि भाच्याला सांगितलं, आता अर्धा मिनिट एकसारखं दाबून धर. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठंतरी गळती किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं. सरकलं नाही. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं, पेडल किंचित खाली गेलं. ते जायलाच हवं. बूस्टर काम करतोय याची ती खूण. म्हणजे राहिली हवा.

रविवारी सकाळी हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत बहुधा मागचं डावं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात बघावा. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. आत बसलेल्यानं पेडल दाबून धरायचं, बाहेरच्यानं निपल सोडायचा, बुडबुडे आले की परत आवळायचा, आणि "सोड" म्हटल्याशिवाय आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा परत आत. मधे मधे डबी भरत राहायची, रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

मागच्या डाव्या चाकातून बुडबुडे आले. ऑइल चहासारखं काळपट होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट ४ साधारण २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास. उतारावर ब्रेक दाबून दाबून तापले की तेवढी उष्णता चाकाशी होऊ शकते; ऑइलची वाफ झाली की पेडल थेट तळाला. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं.

दुपारपर्यंत पेडल दगडासारखं झालं. मी हात धुतले आणि भाच्याला म्हटलं, जा खुशाल.

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन. परत मऊ.

तेव्हा मी विचारायला हवा होता तो प्रश्न दोन दिवस उशिरा विचारला: डबीत ऑइल तू भरलं होतंस काय?

"दोनदा भरलं की. कमी दिसत होतं."

हवा आपोआप शिरत नाही. जिथून ऑइल बाहेर येतं, तिथूनच ती आत जाते. पॅड झिजतात तसं ऑइल थोडं उतरतंच, पण एका महिन्यात दोनदा भरावं लागलं म्हणजे गळती. त्यानं भरून ती झाकली आणि मी भरलेली डबी बघून खूश झालो. थेंबाथेंबानं गळणारं पेडल दाबून धरण्याच्या परीक्षेत सापडेलच असं नाही, हे मला ठाऊक असूनही.

उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींनी रात्री मागचा डावा ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटानं उचललं तर आत ऑइल साठलेलं, लायनरची कडसुद्धा भिजलेली. "हे घेऊन घाट उतरणार होता व्हय?" एवढंच म्हणाले. सामान सकाळी दुकान उघडल्यावरच मिळणार होतं.

ताईला सांगायचं काम माझ्यावर आलं. पहाटेचं निघणं रद्द, तुम्ही तिघं बसनं जा, गाडी मागून येईल. आजींना घेऊन, सामान घेऊन, सणाच्या गर्दीत. ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. भाऊजी मधे पडले म्हणून निभावलं.

मंगळवारी दोन्ही मागचे सिलिंडर बदलले, एक गेला की दुसराही त्याच वयाचा असतो. लायनर नवे, ऑइल सगळं नवं. गावातच तासभर फिरवून, परत ड्रमखाली बोट फिरवून बघितलं. कोरडं. भाचा दुपारी तीनला निघाला, साडेपाचला केरीहून फोन आला.

ताई अजून माझ्याशी मोजकंच बोलते. नेवऱ्यांचा डबा मात्र भाच्याबरोबर पाठवला होता.