"तेच औषध आहे, घेऊन जा" हे उत्तर आता चालणार नाही

"त्या कंपनीची गोळी संपलीय. ही घ्या, तेच औषध आहे." मेडिकलमध्ये हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. सर्दी-तापाची गोळी असली तर आपण मान हलवून निघतो. पण घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा पेशंट असेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

कंपवातात मेंदूतलं डोपामीन कमी पडतं. ते भरून काढायला लेव्होडोपा देतात, आणि ते मेंदूत पोचायच्या आधीच वाया जाऊ नये म्हणून त्याच गोळीत कार्बिडोपा असतं. आजार जुना झाला की पेशंटचा दिवस गोळीच्या वेळेवर चालतो. गोळी लागू आहे तोवर आजोबा चालतात, सदऱ्याची बटणं स्वतः लावतात. असर उतरला की खुर्चीतून उठताही येत नाही.

आता 'तेच औषध' म्हणजे काय ते बघा. ११० ची गोळी म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ ची म्हणजे १०० आणि २५. दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. १२५ च्या तीन गोळ्यांत ७५ मिळतं, ११० च्या तीन गोळ्यांत फक्त ३०. मग मळमळ, उलट्या, आणि मेंदूपर्यंत औषधही कमी. घरचे म्हणतात, "वय झालं, आजार वाढला." पाकीट बदललंय हे कुणी बघतच नाही.

तीच गोष्ट नावापुढच्या 'सीआर'ची. ही गोळी सावकाश विरघळते आणि साध्या गोळीच्या मानाने तिच्यातलं सुमारे ७० टक्केच लेव्होडोपा अंगी लागतं. साधीच्या जागी तेवढ्याच आकड्याची सीआर दिली की डोस कमी पडतो. उलटं केलं तर जास्त होऊन हातपाय आपोआप वळवळू शकतात. गिळता येत नाही म्हणून सीआर कुटून दिली तर ती सावकाश सुटतच नाही.

कुणी म्हणेल, जेनेरिक स्वस्त पडतं, गरिबाने काय करायचं? जेनेरिक जरूर घ्या. डॉक्टरांना विचारून, तोच आकडा, तोच प्रकार बघून घ्या. आमचं भांडण न विचारता केलेल्या बदलाशी आहे. आणि कायदाही हेच सांगतो. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ (११ए) वाचा: शेड्यूल एचमधल्या औषधाच्या जागी दुकानदाराने दुसरं द्यायचं नाही, घटक तोच असला तरी. लेव्होडोपा त्याच यादीत आहे. नियम कागदावर आहे, पण काउंटरवर तो कुणी मागत नाही म्हणून पाळला जात नाही.

आपल्यातले कितीजण मिरज-कोल्हापूरला दाखवून येतात आणि गोळ्या खानापूर-निपाणीत घेतात! चिठ्ठी एका गावची, दुकान दुसऱ्या गावचं. मेडिकलमध्ये जाणारे बहुतेक आपणच पोरं-पोरी. तर जुनं पाकीट सोबत न्या. आकडा आणि सीआर जुळवून बघा. जुळत नसेल तर तिथूनच डॉक्टरांना फोन लावा. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच नवीन आणा, कारण हे औषध अचानक बंद झालं तर जोराचा ताप आणि अंग ताठ होऊन जीवावर बेतू शकतं.

आणि दुकानदार "तेच आहे" म्हणाला, तर नियमाचा नंबर सांगा: ६५ (११ए).